अंगठ्याची पावती: आजीच्या काळातली प्रेमकादंबरी लिहितेय, अडलेय

वळचण (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

दोन वर्षांपासून एक कादंबरी लिहितेय. काळ १९४१ ते १९४६, गाव खटाव तालुक्यातलं. नायक पलटणीत, नायिका घरी, मध्ये समुद्र. मूळ गोष्ट आजी-आजोबांची. आजोबा १९४० साली बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले, १९४१ चा पावसाळा सरल्यावर मुंबईहून बोटीत बसले आणि घरी परतले ते थेट १९४६ साली. लग्न झालं तेव्हा आजी तेरा की चौदा वर्षांची, त्यातही दोघं एका छपराखाली राहिली ती सगळी मिळून चार महिने.

आता अडचण. युद्धकाळातल्या प्रेमकथा वाचल्या की त्यात पत्रांचे गठ्ठे असतात. रेशमी दोरीत बांधलेले, उशीखाली ठेवलेले. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. आजोबा चौथी शिकलेले. त्यांचं पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावे. 'तीर्थरूप बाबांचे चरणी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार' इथून सुरुवात, मग आई, चुलते, गुरंढोरं, पाऊसपाणी, आणि शेवटी 'घरातील लहानथोर सर्वांस यथायोग्य'. त्या 'सर्वांस'मध्ये माझी आजी. पत्र वाचणार शाळेचे मास्तर, ओट्यावर, सगळ्यांसमोर. त्याआधी लष्कराच्या सेन्सॉरने वाचलेलं. म्हणजे नवऱ्याने बायकोला काही लिहायचं तर ते साहेब वाचणार, मास्तर वाचणार, सासरा ऐकणार, आणि ती दाराआड.

मग प्रेम कुठे ठेवायचं? कागदच नाही त्याला.

आजीच्या ट्रंकेत पत्र्याचा एक डबा सापडला, त्यातून मला वाट मिळाली. डब्यात मनीऑर्डरीची नऊ कूपनं होती. तिशीच्या आतल्यांना मनीऑर्डर ठाऊक नसेल म्हणून सांगते. फॉर्मला एक छोटं कूपन जोडलेलं असायचं, पाठवणाऱ्याने त्यावर चार ओळी लिहायच्या, पैसे घेणाऱ्याने ते फाडून ठेवायचं. दुसरा तुकडा पावतीचा. त्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि तो तुकडा परत पाठवणाऱ्याकडे जायचा.

पहिली तीन कूपनं सासऱ्यांच्या नावची. चौथं आजीच्या नावचं. पाचव्यावर आजोबांच्या अक्षरात एक ओळ आहे: 'पावती ज्याचे नावे पैसे त्याच हाताची यावी.'

मी ही ओळ दहा वेळा वाचली असेल, मग कळलं. चौथ्या मनीऑर्डरीची पावती त्यांना मिळाली तेव्हा त्यावर सही होती वडलांची, मोडीत. सुनेचे पैसे सासऱ्याने घेतले, यात गावाला काही गैर वाटलं नसेल. पण तिकडे वाळूत बसलेल्या माणसाला पैशांचा हिशेब नको होता, त्याला तिचा अंगठा हवा होता.

कादंबरीचा कणा मी हाच धरलाय. मदत हवी ती अशी: त्या काळातलं पोस्ट, पलटण, गावातली टंचाई यातलं जे ठाऊक असेल ते सांगा. आणि हे कुणाला प्रेमकथा म्हणून पटेल का, तेही.

---

दुपारचा_चहा | शनिवार, रात्री ११:०५

अंगावर काटा. 'त्याच हाताची यावी.' बस, एवढ्यावर कादंबरी उभी राहते. लिही गं बाई लवकर. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

---

कावळा_उवाच | शनिवार, रात्री ११:३१

विरोधी सूर लावतो, राग मानू नका. ओळ सुंदर आहे, पण तुम्ही तिच्यात जास्त भरताय असं वाटतं. आजोबांना कदाचित एवढंच म्हणायचं असेल की बाबा, बायकोचे पैसे बायकोला द्या, दारूत घालू नका. त्या काळी नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलत नसत. नाव घ्यायचं तर उखाण्यात. त्या माणसांच्या तोंडी आजचं प्रेम घातलं की पात्रं नाटकातल्यासारखी दिसतात.

---

वळचण | शनिवार, रात्री ११:५०

@कावळा_उवाच, राग नाही. उलट हेच मला रोज रात्री छळतं. पणजोबा दारू पीत नव्हते, माळकरी होते, तेवढं सोडा. पण पैशांची काळजी आणि माणसाची ओढ या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का? 'पैसे तिच्या हातात पडोत' हे म्हणणंच त्या घरात केवढं मोठं होतं. माझ्या पात्रांना 'प्रेम' हा शब्द माहीतच नाही. अख्ख्या कादंबरीत तो एकदाही येणार नाही, असं ठरवलंय.

---

फौजीपोरगा | रविवार, सकाळी ७:१५

ताई, चांगला विषय. आमच्या घरात चार पिढ्या मराठा पलटणीत. एक तांत्रिक मुद्दा, कारण इथे तुमचा कणा मोडू शकतो.

जवान समुद्रापार गेला की पगारातला ठरावीक भाग घरी लावून द्यायची सोय होती, 'फॅमिली अलॉटमेंट'. हे पैसे दरमहा पगार बघणाऱ्या कचेरीतून परस्पर मनीऑर्डरीने येत. तिथे पाठवणारी कचेरी, त्यामुळे पावतीही कचेरीलाच परत. वाळूत बसलेल्या माणसाला तो अंगठा दिसणारच नाही.

पण फील्ड पोस्ट ऑफिसातून जवानाला स्वतःलाही वेगळी मनीऑर्डर करता यायची. कूपनांवर आजोबांचं अक्षर आहे म्हणजे ती त्यांनी स्वतः केलेली. एकदा शिक्के बघा. 'एफपीओ' आणि आकडा असेल. गावाचं नाव नसेल, कारण पलटण कुठे आहे ते लपवण्यासाठीच तो आकडा.

मग गंमत अशी की अलॉटमेंट सासऱ्याच्या नावे चालू असणार, तरी वरखर्चातले पैसे वाचवून हा गडी वेगळी मनीऑर्डर करतोय. ती कशासाठी? कावळेबुवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे बघा.

---

कावळा_उवाच | रविवार, सकाळी ८:०२

मान्य. पंख मिटले.

---

वळचण | रविवार, सकाळी ९:२०

@फौजीपोरगा, आत्ता डबा काढून बघितला. नऊपैकी सातांवर शिक्का वाचता येतो. एफपीओ आणि आकडा! पहिल्या तीनांवर मात्र बेळगाव. म्हणजे ती भरतीनंतरची, बोटीत बसायच्या आधीची. मी हे असं लावून पाहिलंच नव्हतं. समुद्र ओलांडल्यावर नाव बदललंय. जवळ होते तोवर वडलांच्या नावे, दूर गेले तसं तिच्या नावे.

शेवटचं कूपन मे १९४२ चं. त्यानंतर काही नाही, कारण आजोबा उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला होते.

---

तारायंत्र | रविवार, सकाळी १०:४४

तोब्रुक म्हणजे आजोबा दुसऱ्या बटालियनमध्ये असणार, 'काळी पाचवी'. ११ व्या हिंदी ब्रिगेडबरोबर ती तिथे होती. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं आणि तीस हजारांवर सैनिक एका दिवसात कैदी झाले, त्यात ही पलटणही गेली. कैदी आधी इटलीत नेले. ॲवेझ्झानोला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. त्या गोंधळात काही जण डोंगरात पळाले, काही स्वित्झर्लंडपर्यंत पोचले, उरलेल्यांना जर्मनांनी आपल्याकडे हलवलं. तुमच्या आजोबांचं काय झालं?

दुसरं, काळाच्या बारकाव्यांत एक गोष्ट बहुतेक लेखक विसरतात. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभर घड्याळं एक तास पुढे होती. युद्धाची वेळ. त्या काळात सकाळी सहाला उजाडलं असं लिहिलंत तर चुकेल. आणि मुंबईची तर स्वतःची वेगळीच वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, ती युद्धानंतरही काही वर्षं टिकून राहिली.

---

माणदेशी | रविवार, दुपारी १२:१०

घड्याळाचं सांगतो. आमची आजी म्हणायची, "टेसनात नवा टाइम, रानात जुना टाइम." गावात घड्याळ हुतं कुणाकडं? कोंबडा आरवला का उठायचं. सायबानं घड्याळ फुडं केलं म्हणून कोंबडा काय आधी आरवंल व्हय? ताई, मास्तरच्या साळंत घड्याळ दाखवा, घरात नको.

---

वळचण | रविवार, दुपारी १२:४८

@माणदेशी, हे वाक्य मी उचलणार. परवानगी गृहीत धरतेय.

@तारायंत्र, आजोबा जर्मनीपर्यंत गेले एवढंच घरात माहीत आहे. त्यावर ते कधी बोलले नाहीत. बटाटा मात्र आयुष्यात परत खाल्ला नाही. आजी सणाला भाजी करायची तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी वाटी ठेवायची, कधी दोडका, कधी घेवडा. ती वाटी कशासाठी हे आम्हा मुलांना वीस वर्षं कळलं नाही.

---

गोधडी | रविवार, दुपारी ३:३०

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या आईची आत्या अशीच, नवरा 'बेपत्ता' अशी तार आलेली. मेला म्हणावं तर कागद नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. कुंकू लावायचं की नाही यावर घरात दोन तट पडले. ती लावत राहिली. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे बायकांना कळेना, म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला: त्या वर्षी गल्लीत कुणी हळदीकुंकूच केलं नाही.

तुमच्या आजीचे ते महिने कसे गेले? जून १९४२ ते कैदेचं पत्र येईपर्यंत? मला वाटतं कादंबरी तिथे आहे.

---

वळचण | रविवार, दुपारी ४:१५

@गोधडी, हळदीकुंकवाचं वाचून काही वेळ नुसतीच बसून राहिले.

आजीकडून मला फार मिळालं नाही. ती गेली तेव्हा मी बारावीत होते आणि हे प्रश्न सुचायचे होते. एवढं ऐकलंय: दिवाळीच्या सुमाराला कैद्याचं छापील कार्ड आलं. 'मी खुशाल आहे' एवढाच मजकूर आणि सही. मधले चार-पाच महिने अलॉटमेंट मात्र येत होती. सासरे म्हणायचे, सरकार पैसे देतंय म्हणजे पोरगा हाय. सासूबाई म्हणायच्या, सरकारला उशिरा कळतं.

आणि बाहेरचं वातावरण काय, तर ९ सप्टेंबर १९४२ ला आमच्याच तालुक्यात वडूजला मोर्च्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. चार कोसांवर. ज्या सरकारच्या गोळीने गावातली माणसं पडली त्याच सरकारच्या मनीऑर्डरीवर घरात चूल पेटते आणि त्याच सरकारने घरातला मुलगा हरवलाय. हे प्रकरण मी सात वेळा लिहिलं आणि फाडलं. कुठली तरी एक बाजू धरली की खोटं वाटतं.

---

माणदेशी | रविवार, सायंकाळी ६:०५

बाजू धरूच नका. आमच्या घरात थोरला पलटणीत आन धाकटा पत्री सरकारात. १९४३ नंतर नाना पाटलांची माणसं रातचं यायची, पणजी भाकऱ्या बांधून द्यायची. पहिल्या तारखंला त्याच हातानं पोस्टमनकडनं थोरल्याचं पैसं घ्यायची. तिला कुणी इचारलं तर म्हणायची, "दोन्ही माझीच." धाकट्याचं लगीन गांधी पद्धतीनं झालं, हार घातला, गूळ वाटला, खलास. थोरला परत आला तवा म्हणला, माझ्या लग्नात कर्ज काढलं ते का?

हे कादंबरीत घ्या. दिराचं न भावजयीचं बोलणं रंगंल.

---

तारायंत्र | रविवार, सायंकाळी ६:४०

यावर एक पूरक. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली ती प्रतिसरकारच्याच, म्हणजे पत्री सरकारच्याच, मंडळींनी. आणि १४ एप्रिल १९४४ ला तिकडे खानदेशात चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला, त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या लगडी एकाच बोटीत. तुमच्या कथेत मुंबईला कोणी गिरणीत असेल तर हा दिवस सोडू नका.

---

वळचण | रविवार, सायंकाळी ७:१०

@तारायंत्र, मोह होतो, पण सोडणार आहे. आमच्या घरातलं कुणी त्या वेळी मुंबईत नव्हतं. मोठा स्फोट घातला की वाचक तिकडे बघत बसेल आणि माझा अंगठा राहून जाईल.

टंचाईचं मात्र सांगा. रॉकेल, कापड, सुटे पैसे.

---

मोडीलिपी | रविवार, रात्री ९:००

मार्च १९४२ मध्ये रंगून गेलं आणि ब्रह्मदेशाचं तेल आणि तांदूळ दोन्ही बंद झाले. रॉकेल महाग नव्हे, मिळेनाच. म्हणजे तुमची नायिका संध्याकाळनंतर दिसणार ती चुलीच्या उजेडात किंवा करंज्या-एरंडीच्या तेलाच्या पणतीत. कंदिलात नको. सुट्या नाण्यांची एवढी ओढाताण की १९४३ पासून सरकारने मधे भोक असलेला पैसा काढला, तांबं वाचवायला. पोरं तो करगोट्यात ओवायची. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग आलं, खेड्यात धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली.

पण मला बोलायचंय ते निशाणीबद्दल. जुन्या कागदांत अडाणी माणसाची सही म्हणजे त्याच्या धंद्याचं चित्र. कुणब्याची 'निशाणी नांगर'. बाईची निशाणी बांगडी, नुसतं एक वर्तुळ. पुढे इंग्रजी अमलात अंगठा आला. पणजोबा मोडीत सही करणारे, म्हणजे जुन्या वळणाचे. त्यांच्या डोक्यात बाईची निशाणी बांगडीच असेल. सून पहिल्यांदा कागदाला अंगठा लावते तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? बांगडी कुणाचीही असू शकते. अंगठा एकटीचाच.

---

दुपारचा_चहा | रविवार, रात्री ९:१२

'अंगठा एकटीचाच.' मोडीलिपी, तुम्ही कादंबरी का लिहीत नाही?

---

फौजीपोरगा | रविवार, रात्री ९:३०

अजून एक. अंगठा लावला की साक्षीदार लागतो. निरक्षराला पैसे देताना पोस्टाचा नियमच होता, गावातल्या कुणीतरी 'माझ्यासमक्ष' म्हणून सही करायची. तेव्हा तुमच्या या चिठ्ठीलाही साक्षीदार आहेच. खेड्यात पोस्ट बघायचे ते बहुधा शाळेचे मास्तरच. तेच पोस्टमास्तर, तेच पत्र वाचणारे, तेच लिहून देणारे.

---

दुपारचा_चहा | रविवार, रात्री ९:४१

मग मास्तर आणि नायिका! तरुण मास्तर, शहरातून आलेला, तिला अक्षरं शिकवतो, नवरा बेपत्ता… सॉरी, पण वाचक हेच मागणार. तिढा हवा ना काही?

---

वळचण | रविवार, रात्री १०:२५

@दुपारचा_चहा, नाही. आणि का नाही ते सांगते.

आत्याला (आजीची धाकटी लेक, वय ७६) मी कादंबरीचं सांगितलं तेव्हा ती पहिलं हेच म्हणाली, "मास्तरचं काही लिहिणार असशील तर माझं नाव टाक." गावात तेव्हा कुजबुज झाली होती म्हणे. आजी मास्तरांकडून अक्षरं शिकली हे खरं. त्यांच्या बायकोच्या स्वयंपाकघरात बसून शिकली, भाजी निवडता निवडता, चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवत. पण गावाला बायको दिसली नाही, मास्तरच दिसला.

ऐंशी वर्षांपूर्वीची कुजबुज मी कथानक म्हणून पुन्हा गावात सोडू? आणि खरं सांगू, मास्तरची बायको मला मास्तरापेक्षा जास्त रंगतदार वाटते. स्वतः चार इयत्ता शिकलेली, नवऱ्याला गावातल्या सगळ्यांचं गुपित ठाऊक, तिला नवऱ्याकडून काहीच कळत नाही. ती शेजारणीला अक्षरं शिकवते ते मला उपकार वाटत नाही, त्यात जरा सूड आहे.

---

कावळा_उवाच | रविवार, रात्री १०:५०

आत्ता पात्र जिवंत झालं. आधीची नायिका मला जरा देव्हाऱ्यात बसवल्यासारखी वाटत होती. आजी म्हणून तुम्ही तिला दोष देत नाही आहात. तिला काहीतरी लबाडी करू द्या. सासूच्या डोळ्यांदेखत खोटं बोलू द्या.

---

पिंपळपान | सोमवार, सकाळी ६:५०

धागा वाचतोय कालपासून. बोलावं की नाही असं वाटत होतं.

माझे पणजोबा महार रेजिमेंटमध्ये. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला ती उभी राहिली, पहिल्या भरतीतच ते गेले. गावात शाळेच्या ओट्यावर पत्र वाचायची जी गोष्ट तुम्ही लिहिलीत ना, तो ओटा आमच्यासाठी नव्हता. आमची पणजी ओट्याखाली अंगणात उभी राहायची. मास्तर मोठ्याने वाचायचे, ती लांबून ऐकायची. पैसे वरून हातात टाकायचे. मनीऑर्डरीच्या पावतीवर अंगठा लावायचा तर शाईची गादी तिच्यासमोर जमिनीवर ठेवायचे.

पणजोबा पत्र बायकोच्या नावेच लिहायचे, थेट. कारण सासरे-बिसरे काही नाही, दोघंच. आणि मजकूर काय, तर 'पोरीला शाळेत घाल'. प्रत्येक पत्रात. मास्तर ते मोठ्याने वाचायचे, आणि शाळा त्यांचीच. एका पत्रानंतर म्हणे मास्तर थांबले आणि म्हणाले, उद्या पाठव. ती पोर म्हणजे माझी आजी, पुढे शिक्षिका झाली.

तुमच्या मास्तरात हेही बसतं का बघा. एकच माणूस आहे तो.

---

वळचण | सोमवार, सकाळी ८:१५

@पिंपळपान, बरं झालं बोललात. माझ्या ओट्याला मी खालून पाहिलंच नव्हतं. सगळी कादंबरी दाराआडच्या बाईच्या डोळ्यांनी लिहिली आणि अंगणात आणखी कुणी उभं आहे हे लक्षात आलं नाही. तुमच्या पणजीची गोष्ट मी घेणार नाही, ती तुमची आहे. पण अंगण आता रिकामं ठेवणार नाही. लिहिलं की आधी तुम्हाला पाठवते, चालेल?

---

पिंपळपान | सोमवार, सकाळी ८:४०

चालेल. शाईची गादी जमिनीवर होती, एवढं विसरू नका.

---

मोडीलिपी | सोमवार, दुपारी १:०५

वळचणताई, नमुन्यादाखल एखादा तुकडा टाका ना. एवढं बोलतोय आम्ही.

---

वळचण | सोमवार, रात्री १०:१०

लाजत टाकतेय. प्रकरण ७, कच्चं आहे.

"पहाटे जात्यावर बसली तेव्हा सासूबाई उठल्या नव्हत्या. पीठ पडायला लागलं तशी तिने ओवी धरली, आवाज जात्याच्या आवाजाखाली ठेवून.

समिंदराच्या पल्याड, माझ्या कुंकवाचा धनी
कागदावरी गं जाते, माझ्या बोटाची निशाणी

दुसरी ओळ तिने परत म्हटली नाही. आतल्या खोलीत खाट करकरली होती. तिने घास जास्तीचा घातला, जातं जड झालं. दुपारी मास्तरांच्या ओट्यावर तिने अंगठा निळ्या शाईत बुडवला आणि कागदावर ठेवला. उचलायला नको वाटत होतं. मास्तर म्हणाले, 'उचला आता, फिसकटेल.'"

ओवी माझीच आहे, पारंपरिक नाही. चुका काढा.

---

गोधडी | सोमवार, रात्री १०:३३

'घास जास्तीचा घातला' छानच. आवाज झाकायला जातं जड करणं, ही दळलेल्या बाईलाच सुचणारी गोष्ट. कुणी सांगितली?

---

वळचण | सोमवार, रात्री १०:३८

आईने. तिच्या सासूपासून लपवायच्या गोष्टी वेगळ्या होत्या, जातं तेच.

---

तारायंत्र | सोमवार, रात्री ११:००

एक शंका, बारीक आहे. निळी शाई का? पोस्टाच्या गादीची शाई साधारण काळी किंवा जांभळट असायची. आणि युद्धात शाईचीही ओढ होती.

दुसरं, त्या सगळ्या पावत्या आजोबांकडे गेल्या ना? त्या कुठे आहेत?

---

वळचण | सोमवार, रात्री ११:२०

शाईचं आत्याला विचारते.

पावत्या नाहीत. कैदी झाला की अंगावरच्या कपड्यानिशी जायचं. त्या तोब्रुकच्या वाळूत गेल्या असणार. माझ्याकडे फक्त त्याची बाजू आहे, कूपनांची. तिची बाजू अंगठ्यांची, ती सगळी गेली. कादंबरी कदाचित त्या हरवलेल्या पाच कागदांची आहे, असं आज लिहिताना वाटलं.

---

फौजीपोरगा | मंगळवार, सकाळी ७:४०

आजोबांच्या नोंदीसाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहा. क्रमांक लागेल, तो पेन्शनच्या कागदावर असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही अर्ज जातो. सवड असेल तर माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा बघून या. बावीस वर्षांचं पोर, १० जुलै १९४४ ला इटलीत पडलं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तिकडे माँतोनेला २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं छायाघड्याळ बसवलंय. तुमच्या आजोबांच्याच रेजिमेंटचे. इतकी लहान होती ही माणसं, हे लिहिताना लक्षात राहतं.

---

वळचण | बुधवार, रात्री ९:५५

मंडळी, आत्याला हा धागा वाचून दाखवला. तिच्या नातवाने, मोठ्याने, सगळ्या घरासमोर. मी दाराशी उभी होते.

मास्तरांच्या बायकोचा भाग आला तेव्हा हसली. म्हणाली, "सूड बिड काय नव्हता, तिला भाजी निवडायला माणूस हवं होतं." पिंपळपान यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. काही बोलली नाही.

मग म्हणाली, शाई निळीही नव्हती आणि काळीही नव्हती. मास्तरांची गादी वाळून खडखडीत झालेली असायची, पाणी टाकलं तरी उठत नसे. आजी घरून निघतानाच डोळ्यात काजळ घालायची आणि थोडं अंगठ्याच्या पेराला लावून मूठ मिटायची. तशी मूठ मिटून ओट्यापर्यंत. सासूबाईंना वाटायचं, पैसे घ्यायला जायचं म्हणून नटते.

@कावळा_उवाच, लबाडी मागितली होतीत ना.

प्रकरण ७ परत लिहायला घेतलंय.

---

माणदेशी | बुधवार, रात्री १०:२०

काजळ एरंडेलाचं का तुपाचं, ते पण इचारा आत्यास्नी. तुपाचं आसंल तर कागदाला डाग पडतो मागनं.